बोलणी खाल्लेला चहा

आमच्याकडे चहाला चांगलं म्हणायची पद्धत नाही. जमून आला असेल तर माणूस मुकाट्यानं पितो, ग्लास खाली ठेवतो आणि कापसाच्या भावाकडे वळतो. बिघडला तर मात्र पलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत खबर जाते. "काहून बे, दूधवाला आला नाई काय आज?" "पत्ती दाखवूनच ठेवून देली काय डब्यात?" अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडसमोर सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर हे ऐकायला मिळतंच. टपरीवाला उत्तर देत नाही. खाली मान घालून पुढच्या गंजात, म्हणजे चहाच्या पातेल्यात, अर्धा चमचा पत्ती जास्त टाकतो, म्हणजे निकाल लागला.

मी ज्याच्याकडे पितो त्याचा जर्मलचा (ॲल्युमिनियमचा) गंज बाहेरून काळाठिक्कर आणि आतून लख्ख आहे. आधी पाणी, त्यात बत्त्यानं ठेचलेलं अद्रक, आणि ते खदखदेपर्यंत दुधाचं नाव नाही. अद्रकात दूध फाडणारा एक घटक असतो, उकळत्या पाण्यात तो मरतो. ह्याला त्यातलं शास्त्र कोणी सांगितलेलं नाही, त्याचं कधी काळी दोन लिटर दूध गेलं होतं तेवढं पुरलं. मग साखर, मग पत्ती. पत्ती म्हणजे अर्थातच सीटीसी, बारीक दाण्याची. पान चिरडून, फाडून, गोळी करणारं हे यंत्र आसामात 1930 च्या दशकात विल्यम मॅकर्चर यांनी काढलं, आणि आज देशातला बहुतेक चहा त्याच पद्धतीनं होतो. ह्या दाण्याला रंग सोडायला दोन मिनिटं पुरतात आणि तो दूध-साखरेला भारी पडेल इतका कडक असतो. तो त्यासाठीच केलेला आहे. त्यामुळे पुण्याहून आलेला एखादा पाहुणा टपरीवर कोरा चहा मागतो, घोट घेऊन तोंड वाकडं करतो आणि वर चहावर भाषण देतो, तेव्हा मला टपरीवाल्याची बाजू घ्यावीशी वाटते. बैलाला घोड्याच्या शर्यतीत उतरवायचं आणि मग हळू पळतो म्हणायचं, असला प्रकार.

खरी परीक्षा दूध पडल्यावरची. उकळी काठापर्यंत येते, तो गंज सांडशीनं उचलतो, ती खाली बसते, पुन्हा ठेवतो. मधूनच वगराळ्यानं हातभर वरून धार सोडतो आणि धारेकडे बघतो. मला आधी वाटायचं ही गिऱ्हाइकाला दाखवायची ऐट असेल. पण तो धारेचा रंग बघत असतो. विटकरी झाला की गॅस बारीक. त्याच्या पुढे उकळला तर चहा जिभेला ओढतो, तोंड कोरडं पडतं, आणि मग कितीही साखर घाला. दुपारी चार वाजता कुठल्याही अनोळखी टपरीवर हा ओढलेपणा तपासावा. सकाळचा चहा कोणीही बरा करतो. दुपारी गिऱ्हाईक तुटक असतं, गंजात अर्धा चहा उरलेला असतो, आणि त्यातच पाणी-पत्ती ढकलायचा मोह होतो. जो उरलेला चहा नालीत ओतून नवा मांडतो त्याच्याकडे डोळे मिटून जावं. ग्लास विसळायची बादली किती वेळा बदलते तेही बघावं, पण ते जरा जपून. बादलीकडे निरखून पाहिलेलं कोणालाच आवडत नाही.

आता पाणी. हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा ह्या 3 जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेलेला आहे. विहीर खणा, बोअर मारा, खारंच पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा रंगानं काळपट होतो पण चवीला मेलेला. पाण्यात क्षार जास्त असले की चहातली चमक जाते, वर तेलकट तवंग धरतो. दूध फाटेल म्हणून जुन्या बाया असल्या पाण्याचा चहा मांडायच्याच नाहीत. गोडं पाणी दुरून आणून वेगळ्या घागरीत चहापुरतं ठेवायच्या. आंघोळीला खारं आणि पाहुण्याला गोडं. घरची ऐपत त्या घागरीवरून कळायची.

मग मेळघाटच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचं पाणी नळानं आलं. त्याच्यावर गावागावांत भांडणं झाली, अजून होतात, पण चहा सुधारला हे नक्की. माझा टपरीवाला अजून नळाचंच भरून ठेवतो. समोरच्याच दुकानात आरओच्या पाण्याची कॅन मिळते, पण ह्याचा त्यावर राग आहे. "त्या पान्यात चा चढतच नाई," म्हणतो. "पुचाट लागते." मी ह्यावर हसायचो नाही, पण मानायचोही नाही.

अशा गावात मागल्या काही वर्षांत कॅफे आले. तालुक्याला कॉलेज असलं की कॅफे असतोच. गुलाबी दिवे, भिंतीला प्लास्टिकची हिरवळ, इंग्रजीत एखादं वाक्य. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पोरापोरींना बसायला जागा हवी. माझं लक्ष यंत्राकडे गेलं. खरंखुरं, दोन दांड्यांचं एस्प्रेसोचं यंत्र, म्हणजे गरम पाणी दाबानं ढकलून घट्ट कॉफी काढणारं. त्याआधी आम्हाला एस्प्रेसो माहीत होती ती लग्नातली. चाट आणि जिलबीच्या मधोमध चकाकती टाकी, डोक्यावर पंख पसरलेला गरुड, फुर्रर्र करून वाफ सोडणारी नळी. जगमध्ये दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीची भुकटी, वाफेनं फेस आला की वर चॉकलेट पावडरची चिमूट. थंडीतल्या लग्नात तिच्यासारखं काही नाही, आणि वरपक्षाचे काका तीन-तीन वेळा रांग लावतात ते उगाच नाही. फक्त तिच्यात एस्प्रेसो नसते. असतं ते वाफाळलेलं दूध.

इटलीतल्या कॉफीयंत्रांची सुरुवातही वाफेपासूनच झाली. तुरिनच्या अँजेलो मोरिओंडोनं 1884 साली वाफेवरच्या यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये त्यातून एकेका गिऱ्हाइकाचा कप वेगळा काढायची सोय केली. पण वाफेला जोर फार नसतो आणि कॉफी जळकट लागायची. दुसरं महायुद्ध संपल्यावर आकिले गाज्जियानं दांडा आणि स्प्रिंग लावली, पाणी दाबून बारीक कॉफीतून ढकललं, तेव्हा कपावर पहिल्यांदा ती तांबूस साय धरली. तिला क्रेमा म्हणतात. आज 9 बार दाबाखाली साधारण 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो 25 ते 30 सेकंदांत निघावी, असा हिशेब धरतात. लवकर निघाली तर आंबट आणि पाणचट, रेंगाळली तर कडूजहर. दूध नाही, साखर नाही, लपायला जागाच नाही.

काउंटरवरच्या पोराला मी तीच मागितली. तो शेतकऱ्याचा पोरगा, पुण्यात वर्षभर एका कॅफेत राबून आलेला. घाबरलाच. "काका, लय कडू लागते ते. कोल्ड कॉफी घ्या नं." मी म्हटलं, "दे बाबू, पाहू तरी." त्यानं दळली, दाबली, दांडा अडकवला. धार सुटली ती नळ सोडल्यासारखी, 10-12 सेकंदांत कप भरला, रंग फिका, साय आली न आली तोच विरली. घोट घेतला तर लिंबाचं पाणी.

पोराचा हात वाईट नव्हता. दळायच्या यंत्राच्या डोक्यावरच्या पारदर्शक डब्यात बिया कधीच्या पडून होत्या. भाजलेली कॉफी काही आठवड्यांतच म्हातारी होते, तिच्यातला वायू उडून जातो, साय धरत नाही, पाणी भसकन निघून जातं. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर. "किती जातात दिवसाला?" विचारलं. "एखांद्या दिवशी एक. एखांद्या दिवशी नाईच." बाकी सगळी कोल्ड कॉफी, त्यात आइस्क्रीम आणि चॉकलेटचं सिरप. तिथे बी कुठली हे कोणाला कळणार?

टपरीवर गंज पंधरा मिनिटांत रिकामा होतो आणि पंधरा मिनिटांत चार जण त्याची लाज काढतात. ह्या पोराला आठवड्यात बोलायला कोणी नाही. ज्यांना कळतं ते अमरावती-नागपूरला राहतात. ज्यांना कळत नाही ते घोटभर पिऊन फोटो काढतात आणि बाकीची टेबलावर ठेवून निघून जातात. ठेवलेल्या कपातून त्यानं काय शिकावं? म्हणून मी त्याला सांगितलं, आंबट आहे, दळण बारीक कर, बिया थोड्या थोड्या मागव आणि घट्ट डब्यात ठेव. चिखलदऱ्यावर कॉफी होते, महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की तिचंच नाव निघतं, आमच्यापासून फार लांबही नाही, तिथली मिळते का बघ. त्याचं तोंड पडलं. पण पुढच्या खेपेला दळण बारीक होतं आणि धार मधासारखी सुटली नसली तरी नळासारखीही नव्हती. आता आंबटपणा गेला, पण चव कुठे लागतच नव्हती. कॉफी होती आणि नव्हती.

एका माणसाच्या बोलण्यानं भागणार नाही हे उघड होतं. थंडीत कापूस विकून आलेल्या दोघा दोस्तांना घेऊन गेलो. दोघंही टपरीवरचे पट्टीचे तोंडाळ. पोरानं इवल्याशा तीन कपांतून आणून ठेवली. एकानं आधी भिंतीवरची पाटी वाचली. "80 रुपये?" 2025-26 च्या त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 8110 रुपये क्विंटल, म्हणजे किलोला 81. "एका किलो कापसाचं इतलुसं? अन् आपल्याकडे वर उरते एक रुपया!"

"प्या तर खरं."

त्यानं बशी मागितली. बशी नव्हती. मग फुंकर मारून ओढली, तोंड वाकडं केलं आणि साखरेच्या तीन पुड्या फोडल्या. पोरगा माझ्याकडे बघायला लागला, मी दुसरीकडे. दुसरा दोस्त मात्र साखर न घालता बसला होता. एक घोट, मग दुसरा. जीभ टाळूला लावून बघितली, जशी तो बियाण्याची पिशवी फोडून सरकी चावून बघतो तशी.

"कडू हाये ते जाऊ दे," तो म्हणाला, "कडूच राहत असंन. पन हे तोंडात थांबून नाई राहिलं." आणि पोराकडे वळून, "पानी कोनचं हाये बे?"

"आरओचं, काका. खाऱ्यानं मशीन खराब होते म्हनून."

"मंगच!"

पोरगा वादाला उभा राहिला. बॉयलरमध्ये क्षार धरतो, दुरुस्तीवाला नागपूरहून येतो, त्याचं गाडीभाडं कोण देईल? मुद्दा बरोबरच होता. पण दोस्तही चुकत नव्हता. कॉफीतली चव ओढून काढायला पाण्यात थोडे क्षार लागतात, जाणकार लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, आणि आरओचं पाणी त्याच्या कितीतरी खाली उतरलेलं असतं. टपरीवाल्याचं पुचाट म्हणजे हेच.

"अर्धं शहानूरचं टाक, अर्धं हे," दोस्तानं निकाल दिला. "अन् आन अजून एक. ह्याच्या खात्यावर."