वेचणीच्या हिशेबाचं अ‍ॅप: डेव्ह, स्टेजिंग, प्रोडक्शनची कनेक्शनं वेगळी केली

मंडळी, अ‍ॅपचं पुढचं अपडेट. यावेळी स्क्रीनवर दिसेल असं नवीन काहीच नाही, सगळं काम डेटाबेसच्या कनेक्शन सेटिंगचं. पण सीतादही (कापूस वेचणीच्या आधीची वावरातली पूजा) व्हायच्या आत हेच उरकायचं होतं, कारण एकदा वेचणी लागली की मोठी आई रोज संध्याकाळी काट्यावर गाठोडी लावून एकेका बाईचे किलो टाकत जाते अन् मजुरी किलोवर असते, तिथं टेस्टिंगचा एक खोटा आकडा जरी खऱ्या हिशेबात घुसला तं कोणाच्या तरी घामाचे पैसे चुकतात.

सेटअप असा आहे. डेव्ह म्हणजे कोड लिहायची जागा माझ्या लॅपटॉपवर, स्टेजिंगचं म्हणजे रंगीत तालमीचं पोस्टग्रेस (डेटाबेस) घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर अन् त्याचं अ‍ॅप एका जुन्या लॅपटॉपवर, प्रोडक्शन म्हणजे खरा हिशेब भाड्याच्या सर्व्हरवर. कोड तिन्हीकडं एकच, जँगो (पायथनमधलं वेबचं फ्रेमवर्क). होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड सगळं एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडच्या बाहेर, त्या-त्या मशीनवर ठेवलेली सेटिंगं) येते, ती लिहिलेली डॉट एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये म्हणजे कोडच्या साठ्यात जात नाही, रिपोत (त्या साठ्यात) फक्त नमुना फाइल, तिच्यात व्हेरिएबलची नावं आहेत अन् समोरची जागा रिकामी. हेरोकू या क्लाउड कंपनीवाले ट्वेल्व्ह फॅक्टर नावाच्या नियमावलीत 2011 च्या सुमारापासून हेच सांगून राहिले.

पण माझं म्हणणं असं की एवढ्यानं भागत नाही. टर्मिनलमध्ये प्रोडक्शनचं व्हेरिएबल एक्सपोर्ट केलेलं राहिलं अन् त्याच खिडकीत मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी कमांड) चालवलं तं कोड बिचारा काय करणार, त्याला जो पत्ता दिला तिथं तो जाणारच. म्हणून ओळख डेटाबेसच्या अंगावरच पाहिजे. आधी वाटलं एक छोटं टेबल करू अन् त्यात लिहू की हा प्रोडक्शन आहे, पण प्रोडक्शनचा डम्प (डेटाबेसची नक्कल) स्टेजिंगला उतरवला की ते टेबलही सोबत येते अन् स्टेजिंग स्वतःला प्रोडक्शन म्हणायला लागते! त्यापेक्षा पोस्टग्रेसमध्ये अल्टर डेटाबेस सेट वापरून डेटाबेसवरच स्वतःचं एक सेटिंग ठेवता येते, नावात मधात एक टिंब पाहिजे बस. साधा पीजी-डम्प (डम्प काढायची कमांड) हे सेटिंग सोबत नेत नाही, क्रिएटचा पर्याय लावला तरच नेते. आता अ‍ॅप सुरू होताना आधी हे सेटिंग वाचते, आपल्या व्हेरिएबलशी ताडून पाहते, जुळलं नाही किंवा व्हेरिएबलच नाही तं सरळ बंद पडते. गुपचूप डेव्ह समजून पुढं जाणं नाही.

सोबत युजरही तीन वेगळे केले. स्टेजिंगच्या युजरला प्रोडक्शनवर लॉगिनच नाही, अन् डम्प उतरवला की बायांची नावं अन् मोबाइल नंबर लगेच बदलायची स्क्रिप्ट चालते. पीएसक्यूएल म्हणजे टर्मिनलमधून पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्राम, त्याचा प्रॉम्प्ट प्रोडक्शनला लाल केला, होस्टचं नाव समोर दिसते, हे दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्यांनी करा.

आता लाइनीचा विषय, आपल्याकडं तो येणारच. लाइन गेली की रास्पबेरी पाय बंद पडतो पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, अन् लाइन आल्यावर अ‍ॅप जुनंच मेलेलं कनेक्शन धरून बसते, पहिल्या रिक्वेस्टला एरर. कनेक्शनचं वय जँगोत मुळात 0 असते म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवीन, ते मी 60 सेकंद केलं अन् जँगो 4.1 पासून जे हेल्थ चेक आलं ते चालू केलं, मग जुनं कनेक्शन वापरायच्या आधी ते जिवंत आहे का हे तपासलं जाते. कनेक्ट टाइमआउट 5 सेकंद, कारण तो दिलाच नाही तं पोस्टग्रेसची लायब्ररी आपल्याकडून वाटच पाहत बसते.

पासवर्ड यूआरएलमध्ये देत असाल तं त्यातलं अ‍ॅट चिन्ह %40 असं लिहा, नाहीतर पासवर्डचा तुकडा होस्टच्या नावात जातो अन् एरर होस्ट सापडत नाही असा येते, माणूस भलतीकडंच शोधत बसते.

प्रोडक्शनला एसएसएल (कनेक्शनवरचा डेटा गुप्त ठेवायची सोय) मोड व्हेरिफाय-फुल, म्हणजे सर्टिफिकेट अन् त्यावरचं नाव दोन्ही तपासायचं. मुळात तो प्रिफर असतो, म्हणजे एसएसएल जमलं तं ठीक, नाही जमलं तं न सांगता उघड्यावर. रिक्वायर केलं तरी सर्टिफिकेटवरचं नाव तपासलं जात नाही. डेव्हला याची गरज नाही, पण स्टेजिंगला मी तेच लावलं, सर्टिफिकेटचा घोळ असेल तं घरीच कळला पाहिजे.

पूलिंगसाठी (कनेक्शनं वाटून वापरायला) वेगळं काही बसवलं नाही. पोस्टग्रेसला मुळात 100 कनेक्शनं चालतात, त्यातली 3 सुपरयुजरसाठी राखीव, अन् माझे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) मोजकेच.

पुढचं काम पासवर्ड बदलायचं, अ‍ॅप बंद न करता. दोन युजर ठेवून आलटून पालटून वापरायचा विचार आहे, टेबलांची मालकी तिसऱ्याच रोलकडं (पोस्टग्रेसमधल्या खात्याकडं) ठेवून. कोणी असं चालवत असेल तं मायग्रेशनच्या वेळी मालकीचं कसं सांभाळता तेवढं सांगा.