परमिटच्या काळापासून आजपर्यंत : आमची वाटचाल

आबांनी वाईजवळ पसरणीच्या रस्त्याला चुन्याची भट्टी घातली ती १९६८ साली. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, लग्नाच्या साखरेसारखं. ज्याच्याकडे परमिट नाही तो माणूस आबांकडे यायचा. काळ्या रानात नांगराला लागणारी चुनखडी वेचून गाड्या भरून आणायची, भट्टीत कोळशाच्या थरावर थर लावायचा आणि भाजायची. चोख दगड असेल तर १०० किलोंची ५६ किलो कळी, म्हणजे भाजलेला चुना, हाती येते, बाकीचा वायू होऊन उडून जातो. रानातल्या चुनखडीत मातीचा अंश असतो. त्यामुळे तो चुना पांढराशुभ्र होत नाही, पण ओलीतसुद्धा धरतो, घट्ट होतो. पायाच्या कामाला आबा तोच द्यायचे.

१९८२ साली सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ साली पूर्ण उठलं आणि पुढच्याच वर्षी आमची भट्टी विझली. त्यानंतरची तेरा-चौदा वर्षं आम्ही रंगाचा चुना विकला आणि फरशा बसवल्या. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

चुन्याचा माल मळायची घाणी मात्र आबांनी मोडू दिली नाही. गोल चर, मधे खुंट आणि चरातून फिरणारं काळ्या दगडाचं चाक. ते चाक घडवलं मामांनी. मामा आमच्या नात्यातले नव्हेत. ते पाथरवट, आबांचे पहिले भागीदार. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण दर दिवाळीला हिशेब निम्मा-निम्मा व्हायचा. माल हाताखाली कसा बघायचा ते मला मामांनी शिकवलं. पसरणीचा घाट चढताना ते गाडी थांबवून दाखवायचे, की खाली वाईत काळा दगड आणि वर पाचगणीच्या पठारावर तांबडा जांभा. वाईच्या वाड्याला काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा, सागवानी खांब आणि कडीपाट. महाबळेश्वरच्या बंगल्याला जांभ्याची भिंत. जांभा सच्छिद्र, तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून पूर्वी पावसाळ्याआधी भिंतींना गवत बांधायचे. "जमिनीत जे आहे तेच घरात येतं," असं मामा म्हणायचे, "आणि त्याला धरून ठेवतो तो चुना."

आता २००५ सालाबद्दल लिहितो. इतकी वर्षं गप्प राहिलो, आता लिहितोच.

२००४ च्या दिवाळीनंतर आम्हाला एका जुन्या वाड्याचं काम मिळालं. दर्शनी भिंत, दोन मजली, पातळ विटांची. आम्ही वरचा मजला घेतला. जुना गिलावा काढला, विटांमधल्या दरजा खरवडल्या, चुना, वाळू आणि सुर्कीचा, म्हणजे विटांच्या पुडीचा, माल घाणीतून काढून भरला, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घातलं, शेवटचा हात नदीतल्या गोट्याने घोटून दिला. आमचे चार गवंडी त्या परांचीवर अडीच महिने होते. खालच्या मजल्याला हात लावणार तेवढ्यात घरात लग्न निघालं. मालकांना घाई झाली. चुन्याला घाई चालत नाही. तेवढ्यात तालुक्यातला एक ठेकेदार आला आणि म्हणाला, आठ दिवसांत देतो. त्याने खालची भिंत जोत्यापासून सव्वा इंच सिमेंटने लिंपली आणि आतल्या शेणाच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा ओतला. मी मालकांना हात जोडून सांगितलं की खालची ओल आता कुठून बाहेर पडणार? ते म्हणाले, तुमचं पोट दुखतंय.

त्या वर्षीचा पाऊस सगळ्यांना आठवत असेल. कृष्णेला पूर होता. जमिनीतली ओल भिंतीत चढली, खाली सिमेंटमधून तिला बाहेर पडता येईना म्हणून ती आणखी वर गेली. आमच्या विटांना लोणा फुटला, म्हणजे ओलीतले क्षार वर येऊन विटा झडू लागल्या, भिंतीत रुतलेली छताच्या लाकडी कड्यांची डोकी भिजली, कुजली, आणि ऑगस्टमध्ये एका पहाटे वरचा गिलावा विटांच्या कपच्यांसकट ओट्यावर आला. ओट्यावर कोणी झोपलेलं नव्हतं, ही देवाची कृपा. खालचं सिमेंट जागच्या जागी, गुळगुळीत. साहजिकच गावाने बघितलं काय? चुनेवाल्याचं पडलं, सिमेंटवाल्याचं टिकलं.

तो ठेकेदार चौकात उभा राहून हेच सांगत होता. हातातली तीन कामं गेली. त्या वाड्याचं राहिलेलं बिल आम्हाला आजतागायत मिळालेलं नाही. दोन गवंडी त्याच्याच कामावर गेले, त्यांना मी दोष देत नाही, त्यांना घर होतं. आबा त्या महिन्यात घाणीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. चाक विकायला काढलं होतं, एका हॉटेलवाल्याला बागेत ठेवायला हवं होतं.

ते वाचलं काकूंमुळे. ब्राह्मणशाहीतल्या एका वाड्यात काकू एकट्या राहायच्या. त्यांच्या देवघराची भिंत आबांनी १९७४ साली केली होती. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्या रिक्षाने आमच्याकडे आल्या, आबांना म्हणाल्या, "भाऊ, एकतीस पावसाळे झाले, माझ्या भिंतीला पोपडा नाही. मागची पडवी करायची आहे. केव्हा येताय?" आणि पदराच्या गाठीतून एक हजार रुपये काढून दिले. त्यांनी पुढे कोणालाही, अगदी पुण्याहून वाडे बघायला येणाऱ्या वास्तुविशारदांनाही, चहाआधी ती भिंत दाखवली. आमची पुढची सगळी मोठी कामं त्या देवघरातून आली. काकू २०१६ साली गेल्या. दर दिवाळीला त्यांच्या तुळशीवृंदावनाला आमचा माणूस चुना लावून येतो.

आज बारा माणसं आहेत. पण दुखणं संपलेलं नाही. जुन्या वास्तूंच्या निविदांत 'चुन्याचा गिलावा' लिहून यायला लागल्यापासून तेच सिमेंटवाले चुनेवाले झाले. पांढरं सिमेंट मिसळतात आणि चुना म्हणून मोजतात. आमचा दर त्यांच्यापुढे कायम चढा दिसतो, कारण आमची कळी पाण्यात विरवून टाक्यात महिनोन्‌महिने मुरते आणि त्यांची सकाळी फोडलेली पिशवी दुपारी भिंतीवर असते.

म्हणून ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांना सांगतो. कालवलेल्या मालाचा एक गोळा करा, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात अंगठा रुतला पाहिजे. दगड झाला असेल तर त्यात सिमेंट आहे, बिल थांबवा. वाळू ओली करून तळहातावर चोळा, हात मळला तर ती धुवून घ्या. नवा गिलावा उन्हात सुकू देऊ नका, गोणपाट लावा आणि भिजवत राहा. कळी विरवताना माणूस डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय टाक्याजवळ जाऊ देऊ नका, ती उकळते आणि उडते. आबांचा डावा डोळा त्यातच अधू झाला. आणि जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट कोणी फुकट लावून दिलं तरी लावू देऊ नका.

मागच्या चैत्रात २००५ च्या त्या वाड्यातून फोन आला. मालकांचे चिरंजीव आता कारभार बघतात. खालचं सिमेंट काढायचं म्हणाले. मी आधी जुन्या बिलाची प्रत पाठवली, मग छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. सिमेंटचे पापुद्रे मागे विटेची माती घेऊनच निघत होते, काही ठिकाणी दोन-दोन इंच. जोत्याच्या वरच्या तीन थरांच्या विटा बदलाव्या लागल्या. भिंत दोन पावसाळे उघडी ठेवून वाळवायची असं ठरलंय. एक झाला आहे. बिलाबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत.