आमची वाटचाल : यात्रेतल्या पोपटापासून वावरातल्या भोंग्यापर्यंत

आमचं दुकान फैजपूरला, मूळ धंदा मोबाईल रिपेअरिंगचा. लोक विचारतात हे आवाज भरून वाजवणाऱ्या, वावरातली डुकरं हाकलणाऱ्या भोंग्यांचं काम कसं काय सुचलं, तर सुचलं वगैरे काही नाही भाऊ, अमळनेरची, सारंगखेड्याची यात्रा झाली की काउंटरवर मुकी खेळणी येऊन पडायची, बोलके पोपट, नाचणारे कॅक्टस, आवाज भरायची बटणं. घेतलं तेव्हा बोलत होतं आणि घरी आणलं तर गप्प. आता दीडशे रुपयाच्या पोपटाची मजुरी मागणार तरी किती, म्हणून मजुरी सोडून दिली आणि खोलून बघायला लागलो.

खोलल्यावर कळलं की यात जात दोन आहेत. कॅक्टस, पोपट वगैरे जे लगेच तुमची नक्कल करतात ते काही सेकंदांचं बोलणं तात्पुरतं धरतात, बारीक आवाजात परत फेकतात आणि विसरून जातात. ते आमच्या कामाचे नाहीत. दुसरी जात म्हणजे ज्यात आयएसडी १८२० चिप किंवा तिची भावंडं असतात, त्यात एकदा आवाज भरला की सेल काढून कपाटात टाका, नंतर सेल घाला, आवाज तसाच. ही चिप आवाजाचे आकडे बनवत बसत नाही, व्होल्टेज जसंच्या तसं मेमरीच्या कप्प्यात ठेवते. मला तर हे वाचल्यावर रात्री झोप आली नाही, एवढ्या स्वस्त वस्तूत एवढी हुशारी.

खरी गंमत चिपला जोडलेल्या, वेळ ठरवणाऱ्या एका रेझिस्टरमधे आहे. ८० के (म्हणजे ८० किलोओहमचा) लावला तर ८ सेकंद रेकॉर्डिंग आणि आवाज साफ, १०० के ला १० सेकंद, २०० के ला २० सेकंद मिळतात पण आवाज गोधडीतून आल्यासारखा, कारण सॅम्पलिंग, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे नमुने घेणं, ८ किलोहर्ट्झवरून ३.२ वर येतं. पण भरताना एक रेझिस्टर आणि वाजवताना दुसरा ठेवला तर? ८० वर भरलं आणि १६० वर वाजवलं की वेग निम्मा, आवाज थेट एक सप्तक खाली. भावाच्या घरच्या पामेरियनचं भुंकणं असं वाजवलं तर दुकानासमोरचं खरं कुत्रं शेपूट घालून पळालं, आणि आमचा धंदा खरं तर तिथेच सुरू झाला असं म्हणा.

ज्या खेळण्यात चिपचा नंबर दिसत नाही, काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली असते, तिथे आम्ही जुनी युक्ती करतो. सेलवर खेळणं वाजत असताना बोट ओलं करून बोर्डाच्या मागच्या टाक्यांवर फिरवायचं, जिथे आवाज बारीक-जाड होतो तिथे वेळ ठरवणारा रेझिस्टर सापडला समजा. फक्त सेलवर चालणाऱ्या खेळण्यावर हं, चार्जर लावलेल्या वस्तूवर कधीच नाही, पोरांना हे दहा वेळा सांगतो.

आता वावराचं. सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावल पट्ट्यात, रानडुकरांचा त्रास काय असतो ते तिकडच्या माणसाला विचारा. लहान केळीचा कंद उकरतात, मक्याच्या कणसात दूध भरलं की रात्रीतून आडवा. घरचे लोक रात्र रात्र जागल करतात, डबे वाजवतात, फटाके फोडतात, आणि काही जण कुंपणात करंट सोडतात जो गुन्हा पण आहे आणि माणसाच्या जिवावर पण येतो. एक नाना मका राखून राखून कंटाळले होते, त्यांना दुसऱ्या जातीच्या पोपटाचा बोर्ड दाखवला तर म्हणाले, "हाऊ पोपट वावरमा काय करी?" आम्ही म्हटलं नाना, पोपट नाही बोलणार, तुम्ही बोलाल. त्यांचंच ओरडणं भरलं, मागे ते जाड केलेलं भुंकणं जोडलं आणि पत्र्याच्या भोंग्यातून सोडलं.

बॅटरी कुठली तर फवारणी पंपाची, १२ व्होल्टची. आपल्याकडे घरोघरी असते, वेगळी विकत घ्यायला लावली असती तर कोणी घेतलंच नसतं. पण चिपला साडेपाच व्होल्टच्या वर चालत नाही, थेट १२ दिले की गेली कामातून, म्हणून मधे व्होल्टेज उतरवणारा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, आणि भोंगा वाजवायला अॅम्प्लिफायर वेगळा. अंधार पडला की आपोआप सुरू व्हावं म्हणून एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. पहिल्यांदा ठराविक वेळाने वाजवणारा ५५५ टायमर लावायचो, पण डुक्कर काय येडं नाही, ठेका त्याच्या ध्यानात येतो. आता छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरता येणारी चिप) टाकतो, कधी तीन मिनिटांनी वाजेल, कधी वीस मिनिटांनी, आम्हालाही माहीत नसतं. तरीपण हे लावलं की डुकरं कायमची गेली असं आम्ही कोणाला सांगत नाही, जागा बदलत राहायची, आवाज बदलायचा, नाहीतर महिन्यात ते भोंग्याखाली बसून कणसं खाईल. आणि वस्तीजवळच्या वावरात लावायचं असेल तर आम्ही आवाज कमी करूनच देतो, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, उगाच शेजाऱ्याशी भांडण नको.

तयार मशीन पण बाजारात मिळतात, वाघाची डरकाळी वगैरे असलेली, मग लोक आमच्याकडे का येतात? कारण त्यांना आवाज स्वतःचा हवा असतो. भाजीवाले, भंगारवाले पण येतात, कोणाला अहिराणीत पुकारा पाहिजे, रावेरकडचे लेवा बोलीत भरतात, नंदुरबारकडून एक जण पावरी बोलीत भरून घेऊन गेला आणि आम्हाला त्यातला एक शब्द कळला नाही, पण भोंगा चालला.

मधे आयात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून थेट ६० टक्क्यांवर गेली (२०२० मधे), आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. स्वस्त पोपट मिळेना. बरं झालं एका अर्थी, तसं पण त्यातल्या बटण सेलची झाकणं नुसती ढकलून उघडायची, लेकराने गिळला तर जिवाशी खेळ. आम्ही खेळणी विकणं बंदच केलं, आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आवाज भरायचे सुटे मॉड्यूल आणतो.

खेळण्यांचं एकच काम ठेवलंय, ते पैशासाठी नाही. हातापायावर ताबा नसलेल्या मुलांची एक शाळा आहे, तिथल्या मॅडम खेळणी आणून देतात. खेळण्याचं बारीक बटण त्या मुलांना दाबता येत नाही, तर आम्ही बाजूने ३.५ एमएमची (हेडफोनला असते तशी) जॅक काढतो आणि ताटलीएवढं मोठं बटण जोडतो. त्यात "पाणी पाहिजे", "आई", "मला पण खेळायचंय" असं भरलेलं असतं. चिपला वाजवायच्या दोन पिना आहेत, एकीवर दाबून ठेवाल तेवढंच वाजतं, दुसरीवर नुसता स्पर्श झाला की पूर्ण वाक्य. हात थरथरणाऱ्या मुलाला दुसरीच द्यावी लागते, नाहीतर "पाणी पा" वर तुटतं. आवाज मोठ्या माणसाचा नको, त्याच वयाच्या पोराचा भरा असं मॅडमनी सांगितलं, म्हणून आमच्या गल्लीतली पोरं दुकानात येऊन भरून देतात, त्यांना वाटतं आपण रेडिओवर चाललोय. सेल मात्र पेन्सिलचेच, आणि झाकणाला स्क्रू.

सध्या दुकानात आम्ही दोघं भाऊ आणि आयटीआयची दोन पोरं. वावराच्या मशीनची उधारी केळी कापली की येते, तोवर मोबाईलच्या डिस्प्लेवर घर चालतं. आता सोलरवाला भोंगा बनवतोय, पावसाळ्यात पाच-सहा दिवस ऊन नसलं तरी चालला पाहिजे, त्याची चाचणी रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या बाजूला एका वावरात चालू आहे. मृग लागायच्या आत ऑर्डर सांगून ठेवा, नंतर सगळ्यांना एकदमच पाहिजे असतो.