करोनात आत्महत्या वाढल्या का? तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापुरात विडी कामगारांच्या वस्त्यांत मी समुपदेशनाचं काम करते. हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठंही माणसं हटकून विचारतात, "ताई, करोनात लई लोकांनी जीव दिला म्हणतात. घरात कोंडून ठेवल्यामुळं झालं का हो ते?" उभ्या उभ्या मी 'वाढल्या' एवढंच म्हणते आणि मग दिवसभर चुटपुट लागते. म्हणून आज नीट सांगते.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीत २०१८ साली देशात १,३४,५१६ आत्महत्या होत्या, २०१९ ला १,३९,१२३. म्हणजे चढ आधीपासूनच होता. २०२० ला आकडा १,५३,०५२ झाला, २०२१ ला १,६४,०३३. आणि मास्क उतरले, शाळा भरल्या, त्या २०२२ मध्ये तो १,७०,९२४ वर गेला. लाख लोकांमागचं प्रमाण २०१९ मधल्या १०.४ वरून २०२२ मध्ये १२.४. टाळेबंदी उठली म्हणून हा आकडा खाली आलेला नाही, आणि माझा सगळा जीव या शेवटच्या ओळीत अडकलाय.

जपानमध्ये तर साथीच्या पहिल्या काही महिन्यांत आत्महत्या कमी झाल्या आणि जुलै २०२० पासून वाढू लागल्या. वर्षअखेर तिथं पुरुषांचा आकडा किंचित घटला होता, बायकांचा मात्र वाढला होता. संकट अंगावर असतं तेव्हा माणसं एकमेकांना धरून असतात. नंतर जो तो आपापल्या घरी हिशोब मांडून बसतो.

आमच्या एक अक्का आहेत. नाव सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये कारखाने बंद, पान नाही, तंबाखू नाही. तरी त्या रिकामं सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायच्या आणि बोटं आपोआप वळायची. मला तेव्हा फार काळजी वाटली होती. पण त्या दिवसांत त्या टिकल्या. शेजारणी वाटीभर डाळ द्यायच्या, या पीठ द्यायच्या.

त्या खचल्या पुढच्या वर्षी. कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची रिझर्व्ह बँकेनं दिलेली सवलत ३१ ऑगस्ट २०२० ला संपली होती. मुलाचा माग चालू झाला, पण आठवड्यातले तीनच दिवस. अक्कांचं कर्ज बायकांच्या गटातलं. त्यात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना तो भरावा लागतो. ज्यांनी डाळ दिली, त्याच आता दारात उभ्या. कर्जापेक्षा त्यांच्या नजरेला नजर देणं अक्कांना जड झालं. केसाला तेल नाही, बोलणं नाही. एके दिवशी म्हणाल्या, "घरात मीच एक जादाची आहे, ताई."

हे वाक्य असंच सोडून देऊ नये. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "अक्का, मरून जावं असं मनात येतं का?" त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "येतंय की. कुणी विचारलंच नाही."

विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मी कितीतरी शिकल्यासवरल्या घरांत बघते. तसं होत नाही. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. दुसरी भीती पोलीस केसची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जिवाचं बरंवाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. तेव्हा लपवू नका, दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

अक्कांना आम्ही सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्यांनी हप्ता भरत नाही, म्हणून गटातल्या बायकांना एकत्र बसवलं आणि मुदत वाढवून घेतली. एका माणसाच्या मरणाला एकच कारण कधीच नसतं, पण २०२१ च्या नोंदीत २५.६ टक्के माणसं रोजंदारीवरची होती, म्हणजे चारातलं एक. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण २३.४ होतं. तेव्हा 'मन खंबीर ठेवा' एवढंच सांगून निघून जाणं मला जमत नाही.

परवा वस्तीत गेले. अक्का कात्रीनं पानं कापत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं आणि उठल्याच. "पलीकडच्या बोळात एक पोरगी आहे. आठ दिवस झाले, कुणाशी बोलंना. चला, आज मी विचारते."

आम्ही दोघी गेलो.