ओआहाकात मुक्काम ठरवताना: तारीख, चौक आणि पाणी

मेक्सिकोत कमी खर्चात आणि तरीही आरामात राहता येईल असे शहर कोणते, असे कोणी विचारले की मी ओआहाकाचे नाव घेते. पण त्याबरोबर एक अटही सांगते. तेथे हॉटेल निवडताना तारांकित दर्जाकडे फारसे लक्ष देऊ नये. आधी पंचांग पाहावे, मग खोली घराच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारावे आणि शेवटी पाण्याची चौकशी करावी. या तीन गोष्टी जुळल्या तर साध्या घरगुती पोसादातही, म्हणजे छोट्या पाहुणेघरातही, झोप उत्तम लागते. त्या चुकल्या तर महागड्या हॉटेलातही रात्र तळमळत काढावी लागते.

ओआहाका दे हुआरेस ही दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका राज्याची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,550 मीटर उंचीवरच्या खोऱ्यात ती वसलेली आहे. शहराचा जुना भाग आणि जवळच्या टेकडीवरील मोन्ते अल्बान ही प्राचीन नगरी यांना 1987 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात एकत्र स्थान मिळाले. भूकंपप्रवण प्रदेश असल्यामुळे घरे पूर्वीपासूनच बुटकी आणि जाड भिंतींची बांधली गेली. परिणामी जुन्या शहरात उंच, एकसाची हॉटेले जवळजवळ दिसतच नाहीत. मुक्कामाची बहुतेक ठिकाणे म्हणजे चौसोपी बांधणीच्या जुन्या घरांतील खोल्या. एकाच घरात दोन खोल्यांचा दर सारखा असतो आणि सुखसोयीत मात्र जमीनअस्मानाचा फरक असतो, त्याचे कारण हेच.

आधी तारखांविषयी, कारण खर्चावर सर्वांत मोठा परिणाम त्यांचाच होतो. जुलैत 16 तारखेनंतरच्या दोन सोमवारी सेर्रो देल फोर्तीन या टेकडीवरील प्रेक्षागारात गेलागेत्सा हा मोठा नृत्योत्सव भरतो आणि त्या पंधरवड्यात खोल्यांचे दर सहज दुप्पट होतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून 2 नोव्हेंबरपर्यंतचा मृतांच्या स्मरणाचा सण, ईस्टरचा आठवडा आणि नाताळ या काळातही तीच गत असते. नाताळाच्या आधी, 23 डिसेंबरला, सोकालो म्हणजे मुख्य चौकात कोरलेल्या मुळ्यांचे प्रदर्शन भरते. ही स्पर्धा 1897 पासून चालत आली आहे आणि त्या एका संध्याकाळसाठी देशभरातून माणसे लोटतात. हे सण पाहायचेच असतील तर आरक्षण कित्येक महिने आधी करावे आणि दराची कुरकुर करू नये. सणांचे विशेष आकर्षण नसेल तर नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडल्यावर जावे. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, गर्दी पांगलेली असते आणि दर जमिनीवर आलेले असतात. डिसेंबरच्या पूर्वार्धातही दर बरे असतात. मात्र 12 तारखेला ग्वादालूपे मातेचा आणि 18 तारखेला शहराची रक्षक मानल्या जाणाऱ्या सोलेदाद मातेचा उत्सव असल्याने भल्या पहाटेपासून फटाके वाजतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हाही चांगला काळ आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते आणि साध्या खोल्यांत हीटर नसतो, म्हणून जादा ब्लँकेट आधीच मागून ठेवावे.

मे महिन्याबद्दल मी थोडी साशंक आहे. मार्चपासून मेपर्यंत दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि पाण्याची टंचाई याच दिवसांत सर्वाधिक जाणवते. शिवाय शिक्षक संघटनेची 22 वी शाखा बहुधा मेच्या उत्तरार्धात सोकालोत धरणे धरते. तेव्हा चौक आणि लगतचे रस्ते तंबूंनी भरून जातात आणि काही वेळा वाहतूकही अडवली जाते. 14 जून 2006 रोजी असेच धरणे पोलिसांनी बळाने उठवण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून अनेक महिने चाललेला संघर्ष उभा राहिला, त्यामुळे या आंदोलनाकडे तेथे कोणी हलक्याने पाहत नाही. पर्यटकाला त्याचा धोका नसतो. परंतु सोकालोला लागून असलेली खोली त्या दिवसांत ध्वनिक्षेपकांच्या टप्प्यात येते, एवढे लक्षात असू द्यावे.

जागेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. सोकालोपासून उत्तरेकडे मासेदोनियो अल्काला हा पादचारी रस्ता सान्तो दोमिंगो चर्चकडे हलका चढत जातो. त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्यांत राहिल्यास बहुतेक सर्व काही पायी करता येते, पण दर चढे असतात. पूर्वेकडील हालात्लाको ही दगडी फरसबंदीची, रंगवलेल्या भिंतींची वस्ती. छायाचित्रांमुळे तिचे नाव इतके झाले की स्वस्त खोली तेथे आता क्वचितच मिळते. उत्तरेला जुन्या जलसेतूच्या कमानींजवळची सोचिमिल्को वस्ती मला अधिक आवडते. तेथे शांतता आहे आणि मध्यवस्ती चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. महामार्गापलीकडची रेफोर्मा वसाहत दिसायला साधीच आहे, पण आठवडाभर राहायचे असेल तर पैशाला मोल मिळते. दक्षिणेकडे, बाजारांच्या बाजूला, दर सर्वांत कमी असतात. तथापि सेन्त्राल दे आबास्तोस या घाऊक बाजाराच्या अवतीभवती अंधार पडल्यावर एकट्याने फिरणे टाळावे, म्हणून मी तिकडे खोली घेत नाही. पत्ता शोधताना एक खोड ध्यानात ठेवावी: उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते इंदेपेंदेन्सिया हा मार्ग ओलांडला की नाव बदलतात. तेव्हा नुसत्या रस्त्याच्या नावावर विसंबू नये, नकाशावरील खूण मागून घ्यावी.

आता खोलीविषयी. या घरांची रचना एकदा समजली की पुढचे सगळे सोपे होते. रस्त्यावरून एक भक्कम लाकडी दरवाजा, त्यातून छोटी देवडी, मग उघडा चौक आणि चौकाभोवती ओवरीच्या कडेने ओळीने खोल्या. रस्त्याकडील खोल्यांना उंच खिडक्या आणि लोखंडी गज असतात, उजेड भरपूर असतो, छायाचित्रात त्या फार देखण्या दिसतात. चौकाकडील खोल्यांना पुष्कळदा खिडकीच नसते. उजेड आणि हवा यायची ती दोन पाखांच्या दारातून आणि त्याच्या वरच्या झडपेतून. पाहताक्षणी कोणीही पहिली खोली पसंत करील. मी दुसरी घेते. ओआहाकात लग्न असो, पदवीदान असो की एखाद्या वस्तीच्या रक्षक संताचा दिवस असो, ‘कालेंदा’ नावाची मिरवणूक निघते. पुढे कापडाचा प्रचंड गोल काठीवर फिरवत एक जण चालतो, त्यामागे फुलांच्या परड्या डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, माणसाच्या दुप्पट उंचीच्या कागदी बाहुल्या आणि सर्वांत शेवटी पितळी वाद्यांचा ताफा. अधूनमधून आकाशात दणकेबाज बाण सुटतात. शनिवारी सान्तो दोमिंगोच्या परिसरात अशा वराती एकामागून एक निघतात. दारात उभे राहून पाहण्यासारखे यासारखे दुसरे काही नाही, पण त्याच दाराला लागून आपली उशी असेल तर तोच ताफा वैरी वाटू लागतो. चौकाकडील खोलीत जाड भिंत आणि मधले अंतर यांमुळे तो आवाज पुष्कळ मवाळ होऊन पोहोचतो.

चौकाच्या खोलीचेही दोष आहेत. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, तळमजल्यावरील बिनखिडकीच्या खोलीत दमट वास येतो आणि कपडे वाळत नाहीत. त्या दिवसांत वरच्या मजल्यावरची खोली मागावी. उन्हाळ्यात उलट करावे, कारण गच्चीखालची खोली दिवसभर तापून रात्री भट्टीसारखी धगधगते आणि तळमजला मात्र गारवा धरून राहतो. एप्रिल-मे सोडल्यास वातानुकूलनासाठी जादा पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. छताचा पंखा चालतो की नाही, एवढे विचारले तरी पुरते. चौकातच उपाहारगृह किंवा मद्यालय असेल तर मात्र वरचा सारा हिशेब फिसकटतो. बुकिंगच्या पानावरील छायाचित्रांत चौकात टेबले मांडलेली दिसली, तर ती किती वाजेपर्यंत चालतात हे लिहून विचारावे.

पलंगाविषयीही स्पष्ट बोलावे. साध्या हॉटेलांत ‘मात्रिमोनियाल’ म्हणजे दोघांचा पलंग, पण तो बराच अरुंद असतो. ‘डोब्ले’ खोलीत बहुधा असे दोन पलंग असतात. किंचित जास्त दर देऊन दोघांनी डोब्ले खोली घेणे मला शहाणपणाचे वाटते, कारण सामान पसरायलाही जागा मिळते.

पाण्याचा मुद्दा पाहुणे सहसा विचारातच घेत नाहीत आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आले की ते जमिनीखालच्या टाकीत साठवतात, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात आणि मधल्या दिवसांत त्यावर घर चालते. कोरड्या वर्षी काही वस्त्यांना नळाच्या पाण्यासाठी कित्येक आठवडे वाट पाहावी लागते आणि मग टँकर मागवावा लागतो. मोठी टाकी आणि टँकरवाल्याशी कायमचा व्यवहार असलेले घर आणि दोन दिवसांतच कोरडे पडणारे घर यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. म्हणून मी मार्च ते जूनच्या मुक्कामासाठी आधी एक साधा निरोप पाठवते: तुमच्याकडे पाणी चोवीस तास असते का आणि गरम पाणी कोणत्या वेळात मिळते? ज्या मालकाची तयारी असते तो टाकीची माहिती आपण होऊन सांगतो. जो नुसतेच ‘हो, हो’ म्हणतो, तेथे मी फार दिवसांचे आरक्षण करत नाही. पाहुण्यांचे पाणी आणि वस्तीचे पाणी एकाच साठ्यातून येते, तेव्हा अंघोळ आटोपशीर करणे हा साधा शिष्टाचार आहे.

पिण्यासाठी नळाचे पाणी स्थानिक माणसेही वापरत नाहीत. वीस लिटरचा ‘गार्राफोन’, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा मोठा बुधला, ओवरीत कोठेतरी ठेवलेला असतो आणि त्यातून बाटली भरू देणारे हॉटेल रोजचा खर्च वाचवते. न्हाणीघरात ‘सी’ अक्षर असलेला नळ गरम पाण्याचा असतो आणि ते पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात. जुन्या घरांत नळ्या अरुंद असल्यामुळे कागद शौचकूपात न टाकता बाजूच्या टोपलीत टाकावा लागतो. भिंतीवरील सूचना तेवढ्यासाठी असते.

पैशाचा हिशेब करताना पहिला घोटाळा चिन्हाचा होतो. पेसोसाठीही डॉलरचेच चिन्ह वापरतात, त्यामुळे दर कोणत्या चलनात आहे याची खात्री करावी. दुसरा घोटाळा करांचा. मुक्कामावर 16 टक्के मूल्यवर्धित कर आणि त्याखेरीज राज्याचा काही टक्क्यांचा निवासकर लागतो. हे दोन्ही दरात धरलेले आहेत की नाहीत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. फलकावरील 1,000 पेसोंची खोली नुसत्या पहिल्या कराने 1,160 ची होते आणि निवासकर धरल्यावर बाराशेच्या जवळ पोहोचते. आठवड्याच्या मुक्कामात ही रक्कम एका रात्रीच्या भाड्याहून अधिक भरते. म्हणून ‘सर्व करांसह एकूण किती’ हा प्रश्न लेखी विचारावा. छोटी पोसादे रोखीला प्राधान्य देतात आणि चार-पाच रात्री थेट ठरवल्या तर दरात थोडी सूटही देतात. एटीएमवर यंत्र आपल्या देशाच्या चलनात रूपांतर करून देण्याची तयारी दाखवते. ती नाकारावी, कारण तो विनिमय दर जवळजवळ नेहमीच तोट्याचा असतो. खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज वीस-तीस पेसो उशीपाशी ठेवण्याची तेथे पद्धत आहे आणि ही रक्कम अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावी.

न्याहारीसह खोली घेण्याचा आग्रह मी धरत नाही. वेइन्ते दे नोव्हिएम्ब्रे बाजारात सकाळी गरम चॉकलेट आणि अंड्याचा मऊ पाव मिळतो आणि तो हॉटेलच्या बहुतेक न्याहाऱ्यांपेक्षा सरस असतो. शाकाहारी मंडळींनी मेमेला, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, मागताना ‘सिन आसिएन्तो’ एवढे अवश्य म्हणावे, नाहीतर तिच्यावर डुकराच्या चरबीचा थर येतो.

राहता राहिले येणे-जाणे. विमानतळ शहराच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर आहे आणि तेथे आगमन कक्षातच सामायिक गाडीचे तिकीट मिळते. शहरातील टॅक्सींना मीटर नसतो. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि साधारण किती पडेल ते हॉटेलला आधीच विचारून ठेवावे. मेक्सिको सिटीहून एडीओ कंपनीची बस साडेसहा-सात तासांत पोहोचते. रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात असे म्हणतात, पण ती पहाटे उतरवते आणि खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते. तेवढे तास सामान ठेवून घेण्याची, शक्य असल्यास अंघोळ करू देण्याची तयारी असेल तरच ही काटकसर खरी. अन्यथा दिवसाची बस बरी. पुढे समुद्राकडे जाणाऱ्यांनी हेच उलट बाजूने जमवावे. फेब्रुवारी 2024 मध्ये नवा महामार्ग खुला झाल्यापासून पुएर्तो एस्कोंदिदो सुमारे तीन तासांवर आले आहे, त्यामुळे पूर्वीसारखे पहाटे उठून निघावे लागत नाही. खोली वेळेवर रिकामी करून सामान देवडीत ठेवावे, बाजारात जेवावे आणि दुपारची गाडी धरावी.