टोरांटो दाखवायचं तर आधी तळ्याचा वारा बघा

मे महिन्यात मोबाइलवर कॅनडातल्या टोरांटोचं तापमान २२ अंश दिसतं. परभणी-लातूरच्या बेचाळीस अंशांतून आलेल्या आई-बाबांना ते छान वाटतं आणि स्वेटर घरीच राहतो. मग ओंटारियो सरोवराच्या काठी फेरीबोटीच्या धक्क्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की कान गार पडतात, गुडघे आखडतात आणि ठरवलेला दिवस अर्ध्यावर मोडतो. मोबाइलवरचा आकडा बहुधा विमानतळाकडचा असतो आणि विमानतळ तळ्यापासून बराच आत आहे. मे-जूनच्या दुपारी काठावर पाच-सात अंशांचा फरक सहज पडतो.

हे तळं किती मोठं, ते आपल्या मापाने सांगितलं की पटतं. ओंटारियो सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे १९,००० चौरस किलोमीटर आहे. अख्खा बीड आणि अख्खा लातूर जिल्हा त्यात मावतो, वर पाणी उरतं. पैठणच्या नाथसागरासारखी पन्नास जलाशयं एका ठिकाणी मांडली तरी तेवढं पाणी दिसणार नाही. सर्वांत खोल जागी २४४ मीटर खोली आहे. एवढं पाणी हिवाळ्यात पूर्ण गोठत नाही, पण जे गार होतं ते तापायला जुलै उजाडतो. दुपारी शहराची जमीन तापली की तळ्यावरची गार हवा आत ओढली जाते. तोच वारा. सप्टेंबर-ऑक्टोबरात उलटं होतं: पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, म्हणून काठ आतल्या भागापेक्षा उबदार राहतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर जूनअखेर ते सप्टेंबरअखेर हा काळ धरा. मे महिन्यातच यायचं असेल तर काठावरचे कार्यक्रम सकाळी ठेवा आणि कानटोपी बरोबर घ्या.

एकच दिवस हाताशी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: टोरांटो आयलंड्स. ही बेटं पूर्वी मुख्य जमिनीला जोडलेला वाळूचा पट्टा होता. १८५८ च्या वादळाने तो तुटला. आता तिथे खासगी मोटारी नाहीत, त्यामुळे लेकरांना मोकळं सोडता येतं.

युनियन स्टेशनवरून ५०९ किंवा ५१० नंबरची ट्राम घ्या, क्वीन्स की थांब्याला उतरा. पुढे दोन-तीन मिनिटांवर जॅक लेटन फेरी टर्मिनल आहे. ट्रामचं दार आपोआप उघडत नाही, दारावरचं बटन दाबावं लागतं. नवीन माणूस वाट बघत राहतो आणि ट्राम निघून जाते. टर्मिनलवर तीन वेगवेगळ्या बोटी लागतात: सेंटर आयलंड, वॉर्ड्स आयलंड आणि हॅनलन्स पॉइंट. चूक इथेच होते. समोर रांग दिसली की माणूस तिच्यात शिरतो आणि भलत्याच टोकाला उतरतो. लेकरं बरोबर असतील तर सेंटर आयलंड. पाळणे आणि छोटी रेल्वे असलेलं सेंटरव्हिल तिथेच आहे, पण ते फक्त उन्हाळी हंगामात चालतं. शांतपणे बसायचं असेल तर वॉर्ड्स. तिथून काठाकाठाने लाकडी फळ्यांच्या वाटेवरून सेंटर आयलंडपर्यंत सावकाश चालत अर्धा-पाऊण तास लागतो. हॅनलन्सच्या किनाऱ्याचा एक भाग कपड्यांविना वावरायला मोकळा ठेवलेला आहे, हे आजी-आजोबांना घेऊन निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

तिकीट जातानाच लागतं, परतीचं वेगळं नाही. ऑनलाइन काढून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यातल्या रविवारी अकरानंतर खिडकीपाशी उन्हात उभं राहावं लागतं. नऊ-दहाच्या सुमाराची बोट धरली तर जेवून तीनपर्यंत परतता येतं. चार ते सहा या वेळात परतीची रांग सर्वांत लांब असते. तेव्हा सेंटर आयलंडच्या धक्क्यावर अडकलात आणि पाय धड असतील तर वॉर्ड्सच्या धक्क्याकडे चालत जा, तिथे गर्दी कमी असते. बोटीचा प्रवास पंधराएक मिनिटांचा. जाताना मागच्या बाजूला उभे राहा, शहराच्या उंच इमारती हळूहळू मागे सरकताना दिसतात. वरच्या मजल्यावर जायला जिना आहे. गुडघेदुखी असेल तर खालीच थांबा. दृश्य तेवढंच चांगलं आणि वारा कमी.

सेंटर आयलंडवर चारचाकी सायकल भाड्याने मिळते, दोन जण पुढे आणि दोन मागे. लेकरांना फार आवडते. पण पायडलची साखळी पायांजवळच फिरते. साडीचा पदर किंवा ओढणीचं टोक खाली लोंबकळलं की साखळीत ओढलं जातं, मग सायकल थांबवून कापड उलटं फिरवून काढावं लागतं आणि चांगली साडी काळ्या ग्रीसने जाते. पदर कमरेला घट्ट खोचा, निऱ्या थोड्या वर घ्या, ओढणी बॅगेत. पायात चप्पल नको, बूट घाला.

जेवण घरूनच न्या. बेटावर शाकाहारी माणसाला पोटभर मिळेलच असं नाही, मिळालं तर महाग. धपाटे यासाठीच आहेत: सकाळी केलेले दुपारपर्यंत मऊ राहतात, गरम करावे लागत नाहीत, लेकरं हातात धरून खातात. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं. दही घट्ट झाकणाच्या डब्यात आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी घ्या. बसायला खालून प्लास्टिक असलेली सतरंजी हवी, कारण गवतावर कॅनडा गूज हंसांची विष्ठा सगळीकडे असते. त्या हंसांना धपाट्याचा तुकडा टाकू नका. एकाला टाकला की वीस येतात आणि लहान लेकराच्या हातातलं ओढून घेतात.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. स्वच्छतागृहं बेटावर आहेत, पण आत फक्त कागद असतो. रिकामी बाटली पिशवीत ठेवा, बेसिनवर भरून घेता येते. शहरात फिरताना बहुतेक मेट्रो स्टेशनांवर स्वच्छतागृह नसतं; मॉल आणि सार्वजनिक वाचनालयं हे भरवशाचे थांबे. मधुमेहाची गोळी किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणारं कुणी बरोबर असेल तर रस्ता आखतानाच हे थांबे धरून चाला.

पाण्यात उतरायचं असेल तर आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, पाण्याची शुद्धता. उन्हाळ्यात महापालिका किनाऱ्यांचं पाणी रोज तपासते. १०० मिलिलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त ई-कोलाय जिवाणू सापडले तर पोहू नका असा इशारा लागतो. जुन्या शहरात पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी एकाच गटारातून वाहतं, म्हणून मोठ्या पावसानंतर गटार भरून ते तळ्यात येतं. पाऊस झाला की दोन दिवस पोहायचं नाही. दुसरी गोष्ट वाऱ्याची. टोरांटो शहर सरोवराच्या उत्तर काठावर आहे. पश्चिमेचा वारा जोरात वाहिला की वरचं तापलेलं पाणी काठापासून दूर सरकतं आणि खालचं थंडगार वर येतं. काल २० अंश असलेलं पाणी आज १० च्या खाली गेलेलं असू शकतं, तेही भर जुलैत, वर कडक ऊन असताना. पाचोडच्या विहिरीत पोहायला शिकलेला गडीही अशा पाण्यात दम लागून अडकतो. आधी घोट्यापर्यंत उभं राहून बघा, आणि जीवरक्षक नेमलेल्या जागीच उतरा.

सीएन टॉवर ५५३ मीटर उंच आहे, १९७६ पासून उघडा. काचेची जमीन ३४२ मीटरवर आहे. तिकीट वेळेचं असतं, म्हणून ते फार आधी काढू नका. आदल्या संध्याकाळी हवा बघून काढा. ढग खाली उतरले की वर फक्त पांढरं दिसतं. स्वच्छ दिवशी मात्र तळ्यापलीकडचा नायगाराच्या बाजूचा काठ दिसतो. शेजारीच रिप्लीज मत्स्यालय आहे. त्यातला काचेचा बोगदा सरकत्या पट्ट्यावर उभं राहून बघता येतो, त्यामुळे पाय दुखणाऱ्यांना ते टॉवरपेक्षा जास्त मानवतं. दोन्ही एकाच दिवशी होतात, तिसरं काही जोडू नका. जुन्या माहितीत ओंटारियो सायन्स सेंटर सापडेल. ती इमारत जून २०२४ मध्ये बंद झाली. लेकरांना डायनासोर दाखवायला रॉयल ओंटारियो म्युझियम आहे, मेट्रो अगदी जवळ थांबते.

प्रवासाचं थोडक्यात: टीटीसीत, म्हणजे शहराच्या मेट्रो-ट्राम-बसमध्ये, १२ वर्षांपर्यंत भाडं नाही. मोठ्यांना प्रत्येकी वेगळं कार्ड टेकवावं लागतं, प्रेस्टो हे प्रवासाचं कार्ड किंवा बँकेचं; एका कार्डावर दोघं जात नाहीत. एकदा टेकवलं की दोन तास बदलाबदली फुकट. ६५ पूर्ण असलेल्यांना सवलत आहे, पण प्रेस्टो कार्डावर ती आधी नोंदवावी लागते. पासपोर्ट दाखवून शॉपर्स ड्रग मार्ट या औषधांच्या दुकानात हे काम होतं.

नायगारा स्वतंत्र दिवसाचं काम. सरळ रेषेत तो तळ्यापलीकडेच आहे, पण रस्ता हॅमिल्टनवरून काठाला वळसा घालतो, म्हणून १३० किलोमीटर होतात. धबधब्यात पडणारं पाणीच पुढे नायगारा नदीतून ओंटारियो सरोवरात येतं. आदल्या दिवशी तळं दाखवलं असेल तर लेकरांना हे लगेच समजतं. धबधब्याजवळ नेणारी बोट हिवाळ्यात बंद असते. बोटीवर लाल प्लास्टिकचा झगा मिळतो, तो गुडघ्याखाली काही वाचवत नाही. मोज्यांचा जादा जोड गाडीत ठेवा, फोनला झिपची पिशवी, आणि चष्मा दोरीने बांधा. रात्रीची रंगीत रोषणाई जूनमध्ये बघायची तर अंधार पडायला साडेनऊ होतात आणि घरी पोचायला मध्यरात्र. जेवण आणि रात्रीच्या गोळ्या बरोबर असतील तरच थांबा, नाहीतर सहाला निघा. परतताना गाडी रेनबो ब्रिजच्या रांगेत शिरणार नाही एवढं बघा, कारण पुलापलीकडे अमेरिका आहे.