कोविडकाळात भरपाईचा दावा चालवताना : सगळं अडलं एका दाखल्यापाशी

दावा सरळ होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रक उलटून ३५ वर्षांच्या ड्रायव्हरचा डावा गुडघा चुरडला. मालक अपघात नाकारत नव्हता, गाडीचा विमा चालू होता. अर्ज, वकीलपत्र, नोटिसा हे उशिरा का होईना, पार पडलं. अडलं ते डॉक्टरच्या दाखल्यापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा लागू असलेल्या (नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या) कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ठरावीक दुखापती आणि त्यांच्या टक्क्यांच्या यादीत, न बसणाऱ्या दुखापतीत कमाईची क्षमता किती टक्के गेली, ते डॉक्टरनं सांगावं लागायचं. विमा कंपनीच्या वकिलांचा हट्ट, दाखला सरकारी रुग्णालयाचाच हवा. ते रुग्णालय तेव्हा पूर्ण कोविडचं. अपंगत्व तपासणी बंद, हाडांचे डॉक्टरही कोविड ड्युटीवर. माझा पक्षकार कुबड्यांवर जायचा आणि गेटवरून परत यायचा. कोर्टात फक्त तातडीची कामं निघत होती. ज्याच्या घरात एक रुपया येत नाही त्याचा दावा तातडीचा नाही, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

खरं तर तो कायदा फक्त नोंदणीकृत डॉक्टर मागत होता. मग ऑपरेशन केलेल्या सर्जनकडूनच दाखला घेतला. त्यावर ४० टक्के अपंगत्व. इथे थांबू नका! शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच पूर्ण अपंग मानलंय. क्लच दाबता न येणारा ट्रक ड्रायव्हरही तसाच. अवजड वाहन आता चालवता येणार नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घेतलं. पुढे त्यांची साक्ष रखडली, कारण त्यांना वॉर्ड सोडता येईना. तारखांवर तारखा पडल्या. अखेर ते आले, उलटतपासणीत एक इंचही हलले नाहीत. त्या दिवशी मला जे हायसं वाटलं, ते निकालाच्या दिवशीही वाटलं नसेल. ४० टक्क्यांनी ७,०९,४१६ रुपये झाले असते, १०० टक्क्यांनी १७,७३,५४० मंजूर झाले. वर व्याज, वर्षाला १२ टक्के.

हिशोबात अपघाताची तारीख आधी बघा. ३ जानेवारी २०२० पासून हिशोबात धरायच्या मासिक पगाराची मर्यादा ८,००० वरून १५,००० झाली, त्यानं रक्कम जवळपास दुप्पट होते.

त्या कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षांची होती. पण १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतून वगळला आहे. ‘मुदतबाह्य’ म्हणून कुणी अर्ज परत करत असेल तर तो आदेश समोर ठेवा.

गावी परतलेल्या कामगाराला अपघाताच्या जिल्ह्यातच यावं लागतं असं नाही, तो राहतो तिथेही अर्ज चालतो. आणि मालकाला प्रतिवादी केल्याशिवाय राहू नका. भरपाई आणि व्याज विमा कंपनी देते, पण उशिराबद्दलचा दंड मालकाच्याच खिशातून येतो.